सीतेची आसवं कागदावर उतरवताना

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाच्या, कपाटातून सीतेच्या आसवांची जुनी शीट, म्हणजे झाड चिकटवलेला कागद, काढली की दिसतात ते तपकिरी दोरे आणि त्यांच्या टोकांना चुरगळलेले काळपट ठिपके. सप्टेंबरात अख्खा सडा, म्हणजे कातळाचं पठार, जांभळा करणारं फूल ते हेच, यावर नवख्याचा विश्वास बसत नाही. जांभळाची किंवा कारवीची फांदी दाबून वाळवली तरी ती निदान स्वतःसारखी दिसते. पाणथळीतल्या या बोटभर झाडांचा रंग उडतो, पाकळ्या एकमेकींना चिकटतात, पाण्यात पसरलेला भाग हवेत येताच गोळा होतो. त्यामुळे या झाडांच्या नोंदीचं निम्मं काम शीटवर होतं आणि निम्मं चिखलात बसून भरलेल्या वहीत. वही कोरी राहिली तर शीट कितीही सुबक असो, ती अर्धीच.

आम्ही हे काम साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या जांभ्याच्या सड्यांवर करतो. दलदलीतली झाडं म्हटलं की पुस्तकांमुळे डोळ्यांपुढे युरोपातली पीटची दलदल येते. शेकडो वर्षांचं शेवाळ साचून झालेली, बारा महिने ओली. आपले सडे तसे नाहीत. इथे कातळ, त्यावर कुठे दोन बोटं तर कुठे वीतभर माती, आणि पावसाचे चार महिने तिच्यात थांबून राहिलेलं पाणी. अन्नद्रव्यं तुटपुंजी, म्हणून कीटकांवर भूक भागवणारी सीतेची आसवं म्हणजे युट्रिक्युलेरिया आणि दवबिंदू म्हणजे ड्रॉसेरा इथे फोफावतात. सोबत गेंद म्हणजे एरिओकॉलॉन, नाना प्रकारचे लव्हाळे, डबक्यांतून कुमुदिनी. डिसेंबरात तीच जागा तव्यासारखी तापलेली असते आणि यातलं बहुतेक काही बी किंवा कंद होऊन मातीत दडलेलं असतं. म्हणजे वर्षभराच्या नोंदींना मिळतात ते जेमतेम पंधरा-सोळा आठवडे, आणि तेही मुसळधार पावसातले.

पहिलं काम परवानगीचं, आणि ते एप्रिल-मेमध्येच सुरू करावं लागतं. कासचं पठार राखीव वनात येतं. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या ३९ जागा जागतिक वारशात गेल्या त्यांत कासही आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक पानही तोडता येत नाही. खासगी किंवा गावकीच्या सड्यावर मालकाला आणि ग्रामपंचायतीला विचारूनच पाऊल टाकायचं. अर्जात 'वनस्पती गोळा करणे' एवढंच लिहिलं तर तो हमखास परत येतो. कोणत्या प्रजाती, प्रत्येकीचे किती नमुने, कोणत्या महिन्यांत आणि शेवटी कोणत्या संस्थेत जमा होणार, हे चारही लिहायचे. परवानगीचा क्रमांक पुढे लेबलवरही जातो.

पाटीभर सामानापैकी खरोखर लागतं ते थोडकं. अरुंद पात्याचं खुरपं, पुढून निमुळता चिमटा, दहापट भिंग, स्टीलची किंवा प्लॅस्टिकची उथळ पांढरी ट्रे, पाण्याची बाटली, झिपच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, बटर पेपर, मिमीच्या खुणांची पट्टी आणि पेन्सिल. जेल पेन पावसात घेऊन जाणाऱ्याची वही संध्याकाळी निळी झालेली असते. वर्तमानपत्रातल्या गुळगुळीत रंगीत पुरवण्या वेगळ्या काढून टाकायच्या, त्या पाणी शोषत नाहीत. उघडी छत्री झाडापेक्षा वहीवर धरण्यासाठी जास्त उपयोगी पडते.

सड्यावर पोचल्यावर हात खुरप्याकडे जातो, पण तिथे थांबायचं. आधी फोटो, मग वही, खुरपं सगळ्यात शेवटी. फोटोही तीन तरी हवेत: जागेचा, झाडाचा, आणि पट्टी शेजारी ठेवून फुलाचा समोरून व बाजूने. सीतेच्या आसवांत ओळख पटते ती खालच्या पाकळीच्या फुगीर उंचवट्यावरून, तिथल्या पांढऱ्या-पिवळ्या डागावरून, मागच्या शेपटासारख्या शुंडिकेच्या लांबीवरून आणि तिच्या वळणावरून. यातला डाग वाळल्यावर पूर्ण जातो. शुंडिका दाबली जाऊन कुठल्या दिशेने होती ते कळेनासं होतं. म्हणून वहीत 'फूल जांभळं' एवढं लिहून भागत नाही. खालची पाकळी कोणत्या रंगाची, तिच्यावर जाळीसारख्या शिरा आहेत का, डाग कुठे, शुंडिका पाकळीपेक्षा लांब की आखूड, दांडा सरळ उभा की शेजारच्या गवताला वेटाळलेला, हे सगळं जागेवरच लिहायचं. वेटाळण्याची गोष्ट बारीक वाटेल, पण युट्रिक्युलेरिया रेटिक्युलाटासारखी प्रजाती भातखाचरात गवताभोवती चढते. गवत सोडवून तिला कागदावर सरळ ताणून ठेवलं की ओळखीची एक मोठी खूण आपणच पुसून टाकलेली असते.

जागेचं वर्णनही तितकंच नेमकं हवं. 'पाणथळ जागी' असं लिहिलेली लेबलं ढिगाने सापडतात, आणि त्यांतून काही कळत नाही. एकाच सड्यावर कातळावरून सतत ओघळणारं पाणी, वीतभर खोल डबकं, गवताखालची चिंब माती, कातळाच्या भेगेतलं शेवाळ आणि पलीकडचं भातखाचर अशा पाच निराळ्या जागा असतात, आणि प्रत्येकीतली झाडं वेगळी असतात. युट्रिक्युलेरिया स्ट्रायाटुला ओल्या कातळावरच्या किंवा झाडाच्या खोडावरच्या शेवाळात चिकटलेली मिळते, पिवळ्या फुलांची युट्रिक्युलेरिया ऑरिया डबक्यात तरंगते. म्हणून पाणी वाहतं की साचलेलं, मातीचा थर किती जाड, पाण्याची खोली किती (पट्टी नसेल तर बोटाची पेरं, एक पेर साधारण अडीच सेंमी), बुंधा बुडालेला की वर, आणि आजूबाजूला ठळक अशी आणखी कोणती तीन-चार झाडं, एवढं तरी लिहायचं.

किती झाडं घ्यायची याला साधा हिशेब आहे: विसांत एक. जिथे वीस झाडंही मोजता येत नाहीत तिथे फक्त फोटो आणि नोंद. सीतेची आसवं हजारोंनी असतात आणि एका शीटवर दहा-पंधरा झाडं सहज मावतात, त्यामुळे इथे अडचण येत नाही. पण वायतुऱ्यासारखा, म्हणजे अपोनोजेटॉन सातारेन्सिससारखा, मोजक्या पठारांवरच आढळणारा कंद दिसला की हात आखडता घ्यायचा. तिथे एक फुलोरा आणि एक पान पुरतं, कंद मातीतच राहू द्यायचा.

आता खणणं. सीतेच्या आसवांचा दांडा चिमटीत धरून उपटला की वर येतो तो नुसता दांडा. मातीतल्या धाग्यांसारख्या फांद्या, पानं आणि किडे पकडणारे मिमी-दोन मिमीचे फुगे चिखलातच राहतात. अशा नुसत्या दांड्यांच्या शीट जुन्या संग्रहांत खूप आहेत, आणि फुग्यांच्या तोंडाशी असलेल्या शिंगांसारख्या उपांगांवर जिथे ओळख अवलंबून असते तिथे त्या कुचकामी ठरतात. खुरप्याने पाच-सहा सेंमी खोलीचा, तळहाताएवढा मातीचा ढेकळा अलगद उचलायचा, ट्रेमध्ये पाण्यात ठेवायचा आणि माती स्वतःहून सुटेपर्यंत थांबायचं. दहा मिनिटं लागतात. बोटाने चोळायचं नाही, ट्रे किंचित हलवायची, गढूळ पाणी ओतून नवं घालायचं. तीन-चार पाण्यांत पांढरट धागे आणि त्यांना लटकलेले फुगे सुटे दिसू लागतात. ऑरियासारखी तरंगणारी प्रजाती मात्र शक्यतो पाण्याबाहेर काढायचीच नाही, पाण्यासकट पिशवीत घ्यायची. बाहेर काढली की फुगे पाण्याऐवजी हवा ओढून घेतात आणि मग ती झाडं नीट बुडत नाहीत.

इथेच सगळ्यात महागात पडणारी चूक होते. त्या एका ढेकळात बहुतेक वेळा दोन प्रजाती असतात. युट्रिक्युलेरिया परप्युरासेन्सच्या दाटीत तिच्याहून ठेंगणी, फिकट फुलांची दुसरी एखादी लपलेली असते. दोन्ही एकाच क्रमांकाखाली, एकाच शीटवर गेल्या की पुढे ती शीट पाहणारा एकीचं वर्णन दुसरीच्या नावावर लावतो. त्यातून चार प्रती चार संस्थांत गेल्या असतील तर एकाच क्रमांकाच्या शीटवर एका ठिकाणी एक प्रजाती आणि दुसरीकडे दुसरीच, असा घोळ कायमचा होतो. म्हणून माती धुवून झाल्यावर प्रत्येक झाडाचं फूल भिंगाखाली पाहायचं. शंका आली की वेगळा क्रमांक द्यायचा. क्रमांक कितीही वाढले तरी ते फुकट असतात.

क्रमांक हा गोळा करणाऱ्याचा स्वतःचा, एकापासून सुरू होणारा आणि आयुष्यभर पुढे चालणारा. दर वर्षी किंवा दर सहलीला नव्याने एकपासून सुरुवात करण्याची खोड वाईट, कारण मग 'क्रमांक १२' म्हणजे कुठला बारा हे कुणालाच सांगता येत नाही.

ट्रेमधल्या झाडाला कागदावर आणायची युक्ती जुनी आहे. शीटपेक्षा लहान, जाडसर पांढऱ्या कागदाचा तुकडा पाण्याखालून झाडाच्या तळाशी सरकवायचा. चिमट्याच्या टोकाने किंवा रंगाच्या ब्रशने फांद्या पाण्यातच पसरायच्या. मग कागदाची एक बाजू वर करत हळूहळू उचलायचं, म्हणजे पाणी ओघळून जातं आणि झाड पसरलेलं राहतं. घाईने आडवा उचलला तर पाण्याबरोबर झाडही घरंगळतं. आता या कागदावर वरून बटर पेपर किंवा पातळ मलमल, मग वर्तमानपत्राची घडी. हा छोटा कागद झाडासकट शेवटपर्यंत तसाच राहतो, शीटवर चिकटवायचा तोही असाच. वाळल्यावर झाड त्याच्यापासून सोडवायला गेलात तर भुगा हाती येईल.

दवबिंदूचा त्रास निराळा. त्याच्या पानांवरचे चिकट केस वर्तमानपत्राला धरतात आणि वाळल्यावर झाड निघतं ते छापील अक्षरांसकट. यालाही वरखाली बटर पेपर, आणि पहिल्या दिवशी दाब हलका. ड्रॉसेरा इंडिका उंच, लांबट पानांचा. त्याला पूर्ण झाडच मावतं. ड्रॉसेरा बर्मानाय जमिनीला चिकटलेल्या गोल चक्तीसारखा, त्यातली दोन-तीन झाडं उताणी आणि दोन-तीन पालथी ठेवायची, म्हणजे पानांच्या दोन्ही बाजू दिसतात. फुलं सकाळच्या काही तासांतच उमलतात, दुपारी फक्त मिटलेल्या कळ्या मिळतात. पानांना चिकटलेले किडे काढून 'साफ' करू नयेत. ते कोणते होते यात पुढे कुणाला तरी रस असू शकतो.

गेंदाला मात्र घाई करायची नाही. पांढऱ्या गोंड्यासारखी डोकी ऑगस्टपासून दिसतात, पण एरिओकॉलॉनच्या प्रजाती ओळखायच्या तर डोक्यातली नर आणि मादी फुलं सुटी करून, त्यांची दलं मोजून आणि शेवटी बियांच्या पृष्ठभागावरची नक्षी पाहूनच. कोवळ्या डोक्यात बी नसतं. म्हणून त्याच जागी सप्टेंबरअखेरीला किंवा ऑक्टोबरात परत जाऊन पिकलेली डोकी वेगळ्या कागदी पुडीत घ्यायची, नवा क्रमांक द्यायचा आणि लेबलवर आधीच्या क्रमांकाचा उल्लेख करायचा. झाड मुळांसकट घ्यावं, पानांच्या झुबक्यातली वाळू धुवून काढावी, नाहीतर प्रेसमध्ये, म्हणजे झाडं कागदांत दाबून वाळवायच्या चौकटीत, ती वाळू शेजारच्या शीटना भोकं पाडते.

ज्याची फुलं कागदावर टिकत नाहीत त्याची थोडी फुलं बाटलीत. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये थोडं ग्लिसरीन मिसळलं की ती मऊ राहतात आणि वर्षांनंतरही भिंगाखाली उलगडून पाहता येतात. बाटलीत झाडाचा क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला कागद आत टाकायचा. बाहेरून मार्करने लिहिलेलं अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसतं. डीएनएसाठी कुणाला नमुना हवा असेल तर पानाचे तुकडे सिलिका जेलमध्ये, जेल वजनाने दहापट तरी. दवबिंदूचं कोवळं, अजून एकही किडा न लागलेलं पान घ्यायचं, नाहीतर डीएनए झाडाबरोबर माशीचाही निघतो.

पावसाळ्यात वाळवणं ही खरी कसोटी. हवेतच इतकी ओल असते की वर्तमानपत्रं पाणी शोषायच्या आधीच सादळलेली असतात. पहिला कागद सहा-आठ तासांत बदलायचा, मग तीन दिवस रोज दोनदा, पुढे रोज एकदा. बदलायला घेतलेले टिपकागद आणि वर्तमानपत्रं चुलीजवळ किंवा इस्त्रीने गरम करून मगच लावायची. झाडाला चिकटलेला बटर पेपर आणि त्याचा आतला कागद मात्र हलवायचा नाही, भोवतालचे तेवढे बदलायचे. पहिल्या दिवशी कागद न बदलता झोपी गेलं की तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी ठरलेली. ती ब्रशने काढता येते, पण डाग आणि कुजका वास जात नाही, आणि फुलाच्या आतली रचना तर गेलेलीच असते.

लाकडी पेटीत खाली साठ-शंभर वॅटचे दोन-तीन दिवे लावून वर प्रेस ठेवायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. दिवे जुन्या पिवळ्या प्रकाशाचे हवेत. एलईडी लावून 'पेटी तापतच नाही' म्हणणारे दर वर्षी भेटतात. तापमान ४५ ते ५० अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, कारण त्यावर झाडं ठिसूळ होऊन करपतात. आणि नुसती उष्णता पुरत नाही. घड्यांमध्ये पन्हाळीचे पुठ्ठे घालून हवा खालून वर खेळती ठेवावी लागते. या बारीक झाडांना अशा पेटीत दोन-तीन दिवस पुरतात. वाळलं की नाही हे ओळखायची सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे गाल. झाड गालाला लावलं आणि गार लागलं तर अजून ओल आहे.

चार दिवस मुक्काम, वीज नाही, पाऊस थांबत नाही, अशा वेळी वाळवण्याचा नाद सोडायचा. वर्तमानपत्रात घातलेल्या घड्यांचं पुडकं बांधून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं, सत्तर टक्के स्पिरिट सगळ्या घड्या भिजतील एवढं ओतायचं आणि पिशवी हवाबंद करायची. काही आठवडे झाडं टिकतात. परत आल्यावर नेहमीसारखी वाळवायची. याची किंमत म्हणजे उरलासुरला रंगही जातो आणि डीएनए बहुधा निकामी होतो. म्हणून 'स्पिरिटमध्ये राखलेलं' ही नोंद लेबलवर हवीच. नाहीतर पुढचा कुणी त्या तपकिरी रंगालाच झाडाचा रंग समजतो.

वाळलेल्या झाडांतली कीड मारायला आपल्याकडच्या हर्बेरियममध्ये पिढ्यान्‌पिढ्या मर्क्युरिक क्लोराइडचं अल्कोहोलमधलं द्रावण वापरलं गेलं. झाडं शंभर वर्षं टिकली ती त्यामुळेच, पण तो पारा शीटवर अजूनही आहे. जुनी शीट हाताळताना हातमोजे घालावेत, हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये, आणि खोलीत हवा खेळती ठेवावी. कागदावर झाडाभोवती राखाडी छटा दिसली तर ती धूळ समजून झटकू नये. नव्या शीटसाठी थंडीचा उपाय पुरतो. गठ्ठा पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांत आठवडाभर ठेवायचा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस थांबायचं, कारण लगेच उघडली की थंड कागदावर हवेतलं पाणी जमतं. मग पुन्हा एकदा आठवडाभर. सिगारेट बीटल या वाळकी झाडं खाणाऱ्या किड्याची अंडी पहिल्या खेपेतून वाचली तर दुसऱ्या खेपेत जातात. डांबराच्या गोळ्यांनी कीड दूर राहते, पण आत शिरलेली मरत नाही.

शीट साधारण ४२ बाय २८ सेंमीची, जाड आणि आम्लरहित कागदाची. छोटे कागद तिच्यावर मेथिल सेल्युलोजने किंवा गव्हाच्या खळीने चिकटवायचे, जे पुढे गरज पडली तर पाण्याने सोडवता येतात. स्टेशनरीच्या दुकानातला पांढरा डिंक सोपा पडतो, पण एकदा बसला की झाड कागदाचंच होऊन जातं. उजव्या खालच्या कोपऱ्यात लेबलची जागा, आणि वर एका बाजूला कागदी पाकीट. हे पाकीट या झाडांच्या बाबतीत फार महत्त्वाचं. दहा झाडांपैकी दोन-तीन न चिकटवता त्यातच ठेवायची. पुढे कुणाला फूल उकळून पाहायचं असेल तर तो चिकटवलेलं झाड ओरबाडत नाही.

ओळखायला बसताना तेच करायचं. पाकिटातलं एक फूल गरम पाण्यात, साबणाचा एक थेंब टाकून, पाच-दहा मिनिटं भिजवायचं. पाकळ्या हळूहळू उलगडतात आणि पाण्यात जिवंत असल्यासारख्या पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली फुलाच्या देठाशी असलेली छदं (बारीक पानांसारखे भाग), बाह्यदलांचा आकार, फळ आणि बिया पाहायच्या, चित्र काढायचं, आणि मग ते फूल वाळवून त्याच पाकिटात परत ठेवायचं. भारतातल्या सीतेच्या आसवांसाठी जनार्दनम आणि हेन्री यांचा १९९२चा ग्रंथ आणि जगभरच्या प्रजातींसाठी पीटर टेलरचा १९८९चा, हे दोन हाताशी असले की बहुतेक शंका मिटतात. फ्लोरामधली, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या ग्रंथातली, वर्णनं चाळताना एक लक्षात ठेवायचं, की कूकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८चा आहे आणि त्यातली बरीच नावं आता दुसऱ्या नावांखाली गेली आहेत.

नाव बदललं तरी जुनं खोडायचं नाही. वेगळ्या छोट्या पट्टीवर नवं नाव, ठरवणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहून लेबलशेजारी चिकटवायची. एकेका शीटवर अशा तीन-चार पट्ट्या असतात आणि त्यांतूनच त्या प्रजातीबद्दलचा वाद वाचता येतो.

लेबल लिहिताना 'कास, सातारा' एवढ्यावर भागवू नये. गाव, वाडी, तालुका, जिल्हा, ठळक खुणेपासूनचं अंतर आणि दिशा, अक्षांश-रेखांश दशांशात, त्यातली चूक किती मीटर असू शकते, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, जागेचं वर्णन, जिवंत असतानाचे रंग, झाडं तुरळक की भरपूर, गोळा करणाऱ्याचं नाव आणि क्रमांक. दशांशानंतर चार आकडे म्हणजे साधारण ११ मीटरचा नेमकेपणा, तेवढा पुरतो. फोनने दिलेले आठ-आठ आकडे जसेच्या तसे उतरवणं म्हणजे खोटी अचूकता. लेबल इंग्रजीत असलं तरी स्थानिक नाव देवनागरीत लिहावं, आणि ते कोणत्या गावात ऐकलं तेही. 'सीतेची आसवं' हे एकच नाव दहा प्रजातींना चालतं, पण गुराखी लोक कधीकधी उंच आणि ठेंगणी वेगळी ओळखतात, आणि ते वेगळं नाव वहीत नाही आलं तर कुठेच राहत नाही.

तारखेत महिना रोमन आकड्यात लिहायची हर्बेरियमची जुनी रीत आहे, आणि ती का आहे हे जुन्या नोंदी संगणकावर भरताना कळतं. ३/८ म्हणजे तीन ऑगस्ट की आठ मार्च? सड्यावरच्या झाडांच्या बाबतीत उत्तर सोपं असतं, आठ मार्चला तिथे फुलायला पाणीच नसतं. बारमाही झाडाच्या नोंदीत मात्र ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

जुन्या जागा शोधणं याहून चिकट. एकोणिसाव्या शतकातल्या कितीतरी शीटवर हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाटलेलं छापील लेबल आहे, ज्यावर जागा म्हणून 'मलबार, कोकण इत्यादी' आणि गोळा करणारे म्हणून 'स्टॉक्स, लॉ इत्यादी' असं असतं. यावरून नकाशावर टिंब ठेवायचंच नाही. ठेवलं तर संगणक ते कोकणाच्या मध्यावर कुठेतरी ठेवतो आणि पुढे कुणीतरी तिथे ते झाड शोधायला जातो. 'आंबोली' लिहिलेली शीट सावंतवाडी तालुक्यातली समजण्याआधी गोळा करणारा त्या महिन्यात कुठे होता हे त्याच्या आधीच्या-नंतरच्या क्रमांकांवरून पाहायचं, कारण त्र्यंबकेश्वरजवळही आंबोली आहे आणि अंधेरीतही. 'रत्नागिरी जिल्हा' असेल आणि वर्ष १९८१च्या आधीचं असेल तर ती जागा आजच्या सिंधुदुर्गातली असू शकते. उंची फुटांत असते, ४००० फूट म्हणजे १२१९ मीटर. आकडा फूट की मीटर हे न पाहता भरला की कासवरचं झाड हिमालयात जाऊन बसतं. लेबलवरचा मूळ मजकूर मात्र जसाच्या तसा एका रकान्यात ठेवायचा, आणि आपला अर्थ शेजारच्या रकान्यात.

शीट तयार झाली की ती मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जायला हवी. घरच्या कपाटात ती फार तर आपल्या हयातीपुरती. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं हर्बेरियम आणि आघारकर संशोधन संस्थेचं, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं, मुंबईत सेंट झेवियर्समधलं १९०६पासूनचं ब्लाटर हर्बेरियम. प्रत्येकाला जगभरात मान्य असा स्वतःचा लघुसंकेत आहे. शीटला तिथला प्रवेश क्रमांक मिळाला की पुढे कुठल्याही लेखात ती संकेत, गोळा करणारा आणि क्रमांक या तिन्हींनी सांगता येते. नवी प्रजाती असेल तर मूळ नमुना २००२च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करावाच लागतो. प्रती शक्यतो दोन वेगळ्या शहरांत ठेवाव्यात. एका ठिकाणी पाणी शिरलं किंवा कीड लागली तर दुसरी राहते. दुर्मीळ झाडाचे नेमके अक्षांश-रेखांश संस्थेकडच्या नोंदीत पूर्ण द्यायचे, जालावरच्या नोंदीत मात्र दहा-वीस किलोमीटरचा चौकोन. कंद खणून नेणारेही नकाशा वाचतात.

हजारभर नोंदी एकत्र केल्या की एक विचित्र आलेख दिसतो. सीतेची आसवं म्हणे सप्टेंबरच्या मध्यात सगळ्यात जास्त फुलतात, आणि तीही जास्त करून शनिवार-रविवारी. हे झाडांचं वेळापत्रक नव्हे, गोळा करणाऱ्यांचं. जूनअखेरच्या, पानांच्याच नुसत्या झुबक्यांच्या शीट जवळपास नाहीत, आणि ऑक्टोबरअखेरच्या, फळं फुटून बिया सांडलेल्या शीट तर शोधाव्या लागतात. डबक्याच्या काठावर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात जे तपकिरी, मरायला टेकलेलं असतं, त्याचीही एक शीट घ्यावी. बी तेव्हाच मिळतं.